मातीच्या बांधाचा धनी कोण?

सप्टेंबर २०२५ च्या अखेरच्या आठवड्यात, ऐन नवरात्रात, सीना नदीने सोलापूर जिल्ह्याला आपले रौद्र रूप दाखविले. करमाळा, माढा, मोहोळ, उत्तर आणि दक्षिण सोलापूर या तालुक्यांतील नदीकाठची गावे पाण्याने वेढली गेली. लांबोटीजवळ सोलापूर-पुणे महामार्ग बंद ठेवावा लागला. उभी पिके तर गेलीच. पण अनेक शेतांतील सुपीक मातीही पुराबरोबर वाहून गेली. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावांनी पावसाळ्यात बोटीची वाट पाहावी, हा दैवाचा विचित्र खेळ होता. त्याआधी पाचच वर्षांपूर्वी, ऑक्टोबर २०२० मध्ये, बंगालच्या उपसागरातून निघून तेलंगणमार्गे आलेल्या वादळी पावसाने याच जिल्ह्याला झोडपले होते. तेव्हा पंढरपुरात चंद्रभागेच्या काठी बांधकाम चालू असलेल्या घाटाची भिंत कोसळून सहा जणांचा बळी गेला आणि अक्कलकोट तालुक्यातील बोरीकाठची गावे जलमय झाली. शासनदरबारी ‘अवर्षणप्रवण’ म्हणून नोंद असलेल्या जिल्ह्याला पाच वर्षांत दोनदा महापुराला तोंड द्यावे लागावे, ही गोष्ट पंचनामे आणि नुकसानभरपाईच्या हिशेबापुरती मर्यादित ठेवता येणार नाही.

पूर ओसरला की आपल्याकडे एक ठरावीक चर्चा सुरू होते. कोणत्या धरणाचे किती दरवाजे केव्हा उघडले, वरच्या जिल्ह्याने खालच्या जिल्ह्याला वेळेवर कळविले की नाही, मदत कोणाला मिळाली आणि कोण वंचित राहिले, यांवर वृत्तपत्रांचे रकाने भरतात. ही चर्चा अनावश्यक आहे असे कोणी म्हणणार नाही. उजनीसारखे महाकाय धरण आणि सीनेवरील कोळेगावसारखे प्रकल्प यांच्या जलनियोजनाचा जाब विचारलाच पाहिजे. परंतु या गदारोळात एक साधी गोष्ट विसरली जाते. नदीला येणारा पूर नदीत जन्माला येत नाही. तो जन्मतो माळरानावर, ओढ्यात, नाल्यात, गावाच्या शिवारात. तेथे त्याला पहिल्यांदा अडविणारा जो मातीचा लहानसा बांध असतो, मग त्याला कोणी पाझर तलाव म्हणो, कोणी नालाबांध किंवा गावतळे म्हणो, त्या बांधाची अवस्था काय आहे, याची विचारपूस कोणीच करीत नाही.

येथे एक खुलासा करणे प्रामाणिकपणाचे ठरेल. शेकडो कोस वाहत आलेल्या नदीचा महापूर ओढ्यावरचे लहान बांध रोखून धरतील, असा दावा कोणीही जाणकार करणार नाही. त्यांचे कार्य स्थानिक असते. एका ओढ्याचे पाणी गावात शिरू नये, वाटेवरचा पूल वाहून जाऊ नये, मातीचा थर वाचावा, पाण्याचा लोंढा एकदम न येता सावकाश उतरावा, एवढेच त्यांच्याकडून अपेक्षित असते. सोलापूरसारख्या सपाट, उघड्या माळरानाच्या मुलुखात हे ‘एवढेच’ फार मोलाचे आहे. आणि देखभाल नसलेला बांध हे कार्य तर करीत नाहीच, उलट स्वतःच संकट बनतो. या दुसऱ्या बाजूकडे लक्ष वेधण्याची आज अधिक गरज आहे.

सोलापूरला तलाव नवे नाहीत. बाराव्या शतकात शिवयोगी सिद्धरामेश्वरांनी या नगरीत अडुसष्ट लिंगांची स्थापना केली आणि त्याचबरोबर तलावही खोदविला. शिवपूजा आणि जलसंचय ही त्यांच्या दृष्टीने दोन वेगळी कार्ये नव्हती. ज्या भूमीत सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तोही दरवर्षी पडेलच याचा भरवसा नसतो, तेथे पाणी साठविणे हाच लोकधर्म होय, हे त्या योगी पुरुषाने ओळखले होते. पुढे इंग्रजी अमदानीत शहरापासून जवळच आदिला नदीवर एकरुखचा तलाव झाला. १८७१ साली पूर्ण झालेला, दोन किलोमीटरहून अधिक लांबीचा आणि वीस मीटरच्या वर उंचीचा हा बांध लोकांच्या तोंडी हिप्परगा तलाव या नावाने रूढ आहे. दीडशे वर्षे उलटून गेल्यावरही तो उभा आहे आणि त्याने सोलापूरकरांच्या कित्येक पिढ्यांची तहान भागविली आहे. तिसरा अध्याय १९७२ च्या दुष्काळाचा. त्या वर्षी आणि त्यानंतर रोजगार हमीच्या कामांवर लाखो हातांनी दगड फोडले, माती वाहिली आणि महाराष्ट्रभर पाझर तलाव उभे राहिले. सोलापूर जिल्ह्यातील असंख्य गावांचे तलाव त्याच काळातील. अन्नाला मोताद झालेल्या माणसांनी पाटीपाटीने रचलेली ती माती आहे. अलीकडच्या काळात २०१४ च्या डिसेंबरात सुरू झालेले जलयुक्त शिवार अभियान आणि २०२२ साली देशभर हाती घेतलेले अमृत सरोवर अभियान यांनी या मालिकेत भर घातली. केंद्रीय जलशक्ती मंत्रालयाने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पहिल्या जलसाठा गणनेत देशभरात २४ लाख २४ हजारांहून अधिक जलसाठ्यांची नोंद झाली. त्यांपैकी ९७ हजारांवर एकट्या महाराष्ट्रातील आहेत. बांधण्यात महाराष्ट्र मागे नाही, एवढे निश्चित.

बांधणे आणि सांभाळणे यांत मात्र महदंतर असते. मातीच्या बांधाचे शास्त्र तसे गहन नाही. पण ते निष्ठुर आहे. पाया खोदून खालच्या कठीण थरापर्यंत चर घ्यायचा, त्यात चिकण मातीचा गाभा ठोकून बसवायचा, गाभ्यावर मुरमाचे आवरण चढवायचे, पाण्याकडील उतारावर दगडाचे पिचिंग करायचे आणि जादा पाणी सुखरूप बाहेर जावे म्हणून एका बाजूला सांडवा काढायचा, ही त्याची रचना. सोलापूर भागातील काळी माती पाणी धरून ठेवण्यास उत्तम. परंतु उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. म्हणूनच ती गाभ्यात झाकून ठेवावी लागते. मुरमाचे आवरण पावसाने धुऊन गेले आणि गाभा उघडा पडला, की प्रत्येक उन्हाळा त्या बांधाला आतून चिरीत जातो. बांधावर वाढलेल्या वेड्या बाभळीची मुळे खोलवर जातात. झाड वाळले की मुळांच्या जागी पोकळ्या राहतात. उंदीर-घुशींची बिळे त्यांना येऊन मिळतात. मग एखाद्या वर्षी तलाव काठोकाठ भरला की पाणी त्या वाटेने झिरपू लागते. प्रथम नितळ पाणी येते, नंतर गढूळ. गढूळ पाणी याचा अर्थ बांधाची माती आतून वाहून चालली आहे. ही धोक्याची घंटा ऐकण्यास बांधावर कोणी असावे लागते.

त्याहूनही महत्त्वाचा असतो तो सांडवा. दगडी भिंतीवरून पाणी वाहिले तर ती एखादे वेळी तग धरील. मातीच्या बांधावरून पाणी वाहू लागले तर काही तासांत त्याची घळ होते. या संदर्भात एक साधा हिशेब मांडून पाहावा. शंभर हेक्टर पाणलोट असलेल्या ओढ्यावर एका रात्रीत शंभर मिलिमीटर पाऊस पडला, तर त्या क्षेत्रावर एक लाख घनमीटर पाणी कोसळते. त्यातील अर्धे जमिनीत मुरले असे धरले तरी पन्नास हजार घनमीटर पाणी ओढ्यात येते. अमृत सरोवराची अपेक्षित साठवण दहा हजार घनमीटरची. म्हणजे तळे पूर्ण कोरडे असले तरी पाचात एक हिस्सा पाणी त्यात मावेल. उरलेले चार हिस्से सांडव्यानेच गेले पाहिजेत. तो सांडवा झाडाझुडपांनी बुजला असेल, कोणी त्यात पीक घेतले असेल, पाणी अधिक साठावे या भाबड्या लोभाने त्यावर मातीची पोती रचली असतील, अथवा त्याच्या पुढचा ओढा नांगरून शेतात सामील केला असेल, तर ते पाणी जाणार कोठून? ते बांधाच्या माथ्यावरूनच जाणार आणि जाताना बांध घेऊन जाणार. गेल्या काही वर्षांत ओढ्यांचे जुने पात्र जमिनीत मिळवून घेण्याची जी चढाओढ गावोगावी लागली आहे, तिची किंमत त्या दिवशी अख्ख्या गावाला चुकवावी लागते.

सोलापूरच्या पावसाचा स्वभावही येथे ध्यानात घ्यावयास हवा. या भागात मृग पुष्कळदा हुलकावणी देतो आणि खरा पाऊस येतो तो परतीचा, उत्तरा-हस्ताचा. तोपर्यंत तलाव बहुधा भरत आलेले असतात. भरलेला तलाव पूर अडवीत नाही. आलेले पाणी तसेच पुढे ढकलतो. पाझर तलावाची मूळ कल्पना अशी की, साठलेले पाणी सतत भूगर्भात मुरत राहावे, विहिरींना पाझर फुटावा आणि पुढच्या पावसासाठी तलावात जागा रिकामी व्हावी. पण तळाशी वर्षानुवर्षे बसलेला गाळ हे झिरपणेच बंद करतो. तलाव उथळ होतो, लवकर भरतो आणि भरलेलाच राहतो. म्हणजे गाळ काढणे हे केवळ साठवण वाढविण्याचे काम नसून पूरनियंत्रणाचेही काम आहे. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही २०१७ ची योजना या दृष्टीने स्तुत्य होय. मात्र गाळ उपसताना बांधाच्या पायथ्याशीच यंत्र घालून गाभा उघडा पाडण्याचे प्रकार टाळले नाहीत, तर पुण्य करता पाप पदरी पडावयाचे.

लहान बांध फुटला तर किती नुकसान होणार, असा प्रश्न काहींच्या मनात येईल. त्याचे उत्तर सोलापूरच्या शेजारीच, हैदराबादच्या इतिहासात नोंदलेले आहे. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला आलेल्या पुराने त्या शहरात हजारो माणसांचा बळी घेतला. पुढे निजाम सरकारने पाचारण केलेल्या मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी पुराची मीमांसा केली, तेव्हा असे आढळले की, शहराच्या वरच्या अंगाला नदीच्या पाणलोटात ७८८ तलाव होते आणि त्यांपैकी २२१ फुटले होते. वरचा तलाव फुटला, त्याचा लोंढा खालच्या तलावावर आदळला, तोही फुटला आणि अशा रीतीने पावसाच्या पुरात तलावांच्या पुराची भर पडत गेली. त्या अभ्यासातूनच पुढे उस्मानसागर आणि हिमायतसागर हे जलाशय उभे राहिले. बांधांची साखळी ही तिच्यातील सर्वांत दुबळ्या कडीइतकीच भक्कम असते, हा त्या शोकांतिकेचा धडा शंभर वर्षांनंतरही शिळा झालेला नाही. आज एकाच ओढ्यावर एकाखाली एक असे पाच-सात बांध घातले जातात. पण वरचा फुटला तर खालच्याचे काय, याचा विचार कोणत्या आराखड्यात असतो?

महाराष्ट्राला तर हैदराबादपर्यंत जाण्याचेही कारण नाही. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे येथील मातीचे धरण फुटले आणि वीसहून अधिक माणसे वाहून गेली. धरणाला गळती लागल्याची तक्रार ग्रामस्थांनी आधीच केलेली होती. अपघातानंतर खेकड्यांवर खापर फोडण्यात आले, त्याची चेष्टाही झाली. खेकडे मातीत बिळे करतात हे खरेच आहे. ते त्यांचा निसर्गधर्म पाळीत असतात. प्रश्न होता तो बिळे बुजविण्याचा धर्म कोणाचा, हा. तो प्रश्न चेष्टेत वाहून गेला.

धरणांच्या सुरक्षिततेसाठी संसदेने २०२१ साली धरण सुरक्षा कायदा संमत केला, ही समाधानाची बाब आहे. नियमित तपासणी, आपत्कालीन आराखडा, जबाबदारीची निश्चिती अशा अनेक चांगल्या तरतुदी त्यात आहेत. पण तो लागू होतो तो पंधरा मीटरहून उंच धरणांना, आणि दहा ते पंधरा मीटर उंचीच्या, लांबी, साठवण किंवा पाया अशा काही निकषांत बसणाऱ्या धरणांना. त्याखालची सारी धरणे आणि बांध, म्हणजे गावोगावच्या तलावांचा बहुतांश भाग, त्याच्या कक्षेबाहेर राहतो. कायदा करणाऱ्यांना त्याबद्दल दोष देण्यात अर्थ नाही. दिल्लीत बसून प्रत्येक नालाबांधाची तपासणी होऊ शकत नाही. मात्र कायदा जेथे थांबतो तेथून पुढे कोणाची तरी जबाबदारी सुरू व्हावयास हवी. प्रत्यक्षात काय दिसते? शंभर हेक्टरपर्यंत सिंचनक्षमता असलेला तलाव जिल्हा परिषदेचा, त्यावरचा मृद व जलसंधारण विभागाचा, त्याहून मोठा जलसंपदा विभागाचा. नालाबांध कृषी विभागाने घातलेला, वनातला वन विभागाचा, तर एखादा कोणा सेवाभावी संस्थेने बांधून गावाच्या स्वाधीन केलेला. उद्घाटनाच्या फलकावर सर्वांची नावे असतात. बांधाला घळ पडली की मात्र तो ‘आमच्याकडे येत नाही’. गावाच्या दृष्टीने तो सरकारी, सरकारच्या दृष्टीने तो पूर्ण झालेले काम आणि ठेकेदाराच्या दृष्टीने चुकते झालेले बिल. सर्वांचा म्हणून तो कोणाचाच नाही. बांध अनेक आहेत. त्यांना धनी नाही.

या बाबतीत अमेरिकेचा एक अनुभव बोधप्रद आहे. ओक्लाहोमा राज्याचा पश्चिम भाग पुष्कळसा सोलापूरसारखाच. एक वर्ष धुळीचे, तर एक वर्ष पुराचे. तेथे वॉशिटा नदीच्या खोऱ्यात १९४८ साली ओढ्यावरच पूर अडविणारा पहिला लहान मातीचा बांध पूर्ण झाला आणि १९५४ च्या कायद्यानंतर देशभर असे बारा हजारांच्या आसपास बांध उभे राहिले. त्यांच्या रचनेत एक शहाणपण आहे. तळाशी थोडे पाणी कायम ठेवायचे आणि त्यावरची मोठी जागा मुद्दाम रिकामी ठेवायची. पूर आला की पाणी त्या जागेत चढते आणि एका ठरावीक नळातून काही दिवसांत हळूहळू उतरून जाते. दुसरे शहाणपण व्यवहारातील. बांधणीचा मुख्य भार केंद्र शासनाने उचलावा. परंतु जमीन मिळवून देणे आणि देखभाल करणे ही जबाबदारी स्थानिक मंडळाने आधी लेखी स्वीकारावी, अशी अट होती. तेथेही सारे आलबेल आहे असे नाही. पन्नास वर्षांचे आयुष्य धरून बांधलेले ते बांध म्हातारे झाले, तेव्हा त्यांच्या डागडुजीसाठी २००० साली वेगळी कायदेशीर तरतूद करावी लागली. पण मुद्दा हा की, बांध म्हातारे होतात हे त्यांनी मान्य केले. आपल्याकडे १९७२ च्या दुष्काळातील तलावांनी पन्नाशी ओलांडली. त्यांच्या आरोग्याची तपासणी कोणी केली?

वस्तुतः हा विचार आपल्याला परदेशातून आयात करण्याची गरज नाही. वापी, कूप आणि तडाग बांधणे हे आपल्याकडे पूर्तधर्माचे अंग मानले गेले आहे आणि जीर्णोद्धाराचे पुण्य नव्या बांधकामाहून उणे लेखलेले नाही. ही केवळ श्रद्धा नव्हती. राज्यव्यवस्थेत तिला आधार होता. कौटिल्याने अर्थशास्त्रात नवा तलाव किंवा बांध घालणाऱ्यास पाच वर्षांची, मोडकळीस आलेला दुरुस्त करणाऱ्यास चार वर्षांची आणि झाडाझुडपांनी ग्रासलेला साफ करणाऱ्यास तीन वर्षांची करमाफी सांगितली आहे. आपत्तीचे कारण नसताना पाच वर्षे बांध वापराविना पडू दिला, तर त्यावरील स्वामित्वच लुप्त होते, असाही त्याचा दंडक आहे. सांभाळील तो धनी, हे तत्त्व याहून स्पष्ट कोणी सांगावे!

आणि मातीचा बांध पिढ्यान्पिढ्या कसा सांभाळावा, याचा तर शिलालेखच उपलब्ध आहे. सौराष्ट्रात गिरनारच्या पायथ्याशी चंद्रगुप्त मौर्याच्या काळात पुष्यगुप्ताने सुदर्शन तलाव बांधविला. इसवी सन १५० मध्ये वादळी पावसाने त्याचा बांध ४२० हात लांबीचा फुटला. भगदाड एवढे मोठे की महाक्षत्रप रुद्रदामनाच्या मंत्र्यांनीच दुरुस्तीस विरोध केला. रुद्रदामनाने प्रजेवर कर न लादता आपल्या खजिन्यातून खर्च करून अमात्य सुविशाखाच्या हातून तो पूर्वीपेक्षा मजबूत करून घेतला. पुढे तीनशे वर्षांनी, स्कंदगुप्ताच्या कारकिर्दीत, इसवी सन ४५५ च्या सुमारास तो पुन्हा फुटला आणि चक्रपालिताने तो पुन्हा बांधला. राजवंश बदलले, राजधान्या बदलल्या. तलावाची जबाबदारी मात्र एकाने दुसऱ्याच्या हाती दिली. दुरुस्ती करणाऱ्याचे नाव जेथे शिळेवर कोरले जाते, तेथे बांध सातशे वर्षे टिकतो. जेथे केवळ उद्घाटन करणाऱ्याचे नाव कोरले जाते, तेथे तो एका पिढीतच मोडकळीस येतो.

येथे समाजाने आपल्या अंगावर घ्यावे म्हणजे शासनाने अंग काढून घ्यावे, असा अर्थ कोणी काढू नये. सांडव्याची रुंदी ठरविणे, बांधाची स्थिरता तपासणे, फुटल्यास खाली किती घरे बाधित होतील याचा नकाशा करणे ही अभियंत्यांची कामे आहेत आणि ती शासनालाच करावी लागतील. जिल्ह्यातील प्रत्येक मातीच्या बांधाची एक नोंदवही करावी. त्यात बांधणीचे वर्ष, उंची, सांडव्याचे माप आणि जबाबदार अधिकाऱ्याचे पदनाम लिहावे. आणि ती ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावी, यासाठी नव्या कायद्याची गरज नाही. नव्या बांधाला मंजुरी देताना त्याच ओढ्यावरील जुन्या बांधाच्या दुरुस्तीचा निधी आधी बाजूला काढावा, ही शिस्त जिल्हा नियोजन समितीला सहज लावून घेता येईल. सांडव्यातील आणि ओढ्याच्या पात्रातील अतिक्रमणे काढताना मात्र गावातील बड्या धेंडांचीही गय होता कामा नये. एरवी हातभर जमीन कसणाऱ्या गरिबावर कारवाई आणि बागायतदाराला अभय, असे घडले तर लोक त्या मोहिमेवर विश्वास ठेवणार नाहीत.

उरलेली कामे गावाची आहेत आणि ती गावाशिवाय दुसरे कोणी करू शकत नाही. मे महिन्यात बांधावरची झुडपे काढणे, बिळे मुरूम-मातीने ठोकून बुजविणे, सांडवा मोकळा करणे, पहिल्या मोठ्या पावसानंतर बांधाच्या मागच्या पायथ्याशी फिरून कोठे ओल किंवा गढूळ पाणी दिसते का हे पाहणे, आणि दिसल्यास रात्र असली तरी खालच्या वस्तीला जागे करणे, यांसाठी पदवी लागत नाही. खानदेश-नाशिककडील जुन्या फड पद्धतीत पाटकरी आणि जागल्या नेमलेले असत, त्यांची मजुरी बागायतदार देत आणि त्या माणसाला गावात मान असे. ती माणसे गेली, त्यांचे काम गेलेले नाही.

शहरानेही यातून स्वतःला वगळू नये. एकरुखचा तलाव भरला की त्याच्या सांडव्याचे पाणी आदिलेच्या पात्रातून सोलापूर शहराच्या कडेने सीनेकडे जाते. २०२५ च्या पावसाळ्यात हा तलाव ओसंडून वाहिला आणि आदिलेच्या काठावरील वसाहतींत पाणी शिरले. दीडशे वर्षांपूर्वीच्या बांधाने आपले कर्तव्य केले, सांडव्यानेही केले. पण त्या सांडव्यापुढची नदी शहराने अरुंद करून टाकली होती. नदीच्या पात्रात भूखंड पाडणारा, त्याला परवाना देणारा आणि स्वस्त मिळतो म्हणून तो घेणारा, अशा साऱ्यांचाच त्यात वाटा आहे. सांडवा हा केवळ तलावाचा अवयव नव्हे. तो जेथे नदीला मिळतो तेथपर्यंतची सारी वाट हा सांडवाच होय.

सोलापूरच्या सामर्थ्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. दरवर्षी मकर संक्रांतीला सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत सात नंदीध्वज निघतात आणि अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा होते. तो जड ध्वज पेलण्याचा सराव आधी कित्येक दिवस चालतो. कोणता ध्वज कोणाचा, कोणाचा मान कोठे, हे ठरलेले असते आणि समाजाचे निरनिराळे घटक तो मान अभिमानाने सांभाळतात. येथे कोणी ‘हे आमच्याकडे येत नाही’ असे म्हणत नाही; उलट आपला मान चुकू नये म्हणून जपतात. शतकानुशतके ही परंपरा अखंड चालली, कारण प्रत्येक ध्वजाला मानकरी आहे. ज्या महापुरुषाच्या नावाने हा सोहळा होतो त्याने लिंगांबरोबर तलावही दिला होता. त्याच्या भक्तांच्या जिल्ह्यात प्रत्येक मातीच्या बांधालाही असाच मानकरी का असू नये? पुढच्या पावसाळ्यापूर्वी प्रत्येक गावाने आपला बांध कोणत्या घरांनी, कोणत्या तरुण मंडळाने सांभाळायचा हे ग्रामसभेत ठरवावे आणि त्यांची नावे नोंदवहीत लिहावीत. परतीचा पाऊस दरवर्षी येणारच आहे. तो आला त्या रात्री बांधावर कंदील घेऊन उभा असलेला एक धनी प्रत्येक गावाला लाभला, तर सिद्धरामेश्वरांचे कार्य पुढे चालले आहे असे म्हणता येईल.